सुनंदाच्या तोंडाचा वास

बायको तांबड्या रश्श्यासाठी लसूण ठेचायला बसली, की मी अजूनही स्वयंपाकघरातून उठून जातो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही पीएचडीची पोरं काचेच्या पट्ट्यांवर अर्धवाहकांचे पातळ थर चढवायचो. त्यातल्या टेल्युरियम या मूलद्रव्याच्या भुकटीची बाटली आमच्या मार्गदर्शक सरांनी सुनंदाकडे सोपवली होती. तिच्या पट्ट्या राखाडी आरशासारख्या चमकायच्या. हुपरीकडच्या जैन शेतकऱ्याची पोरगी, घरात लसूण वर्ज्य. तरी काही आठवड्यांत तिच्या तोंडाला लसणाचा उग्र वास यायला लागला.

एका दुपारी डबे उघडले आणि मी सगळ्यांसमोर नाक धरलं. "घरात देवधर्म आणि भाईर मटणाचं ताट, व्हय गं?"

सगळे खदाखदा हसले.

"आईशप्पथ, आमच्यात कुणीच लसूण खात न्हाय," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

मी तिचा डबा उचलून बाहेर जिन्यात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती लवंग चघळत यायची आणि जिन्यातच जेवायची.

टेल्युरियम अंगात भिनलं की श्वासाला लसणाचा वास येतो, हे मी त्याआधीच पुस्तकात वाचलं होतं. सांगितलं असतं, तर सरांनी ती बाटली माझ्या हातात दिली असती.