निरगुडसरची सपाट जमीन

सुभाष सर घोडेगावात बावीस वर्षं अकरावीला फिजिक्स शिकवतात आणि बावीस वर्षं वर्गात पेंगणाऱ्यांना खडू मारतात. आजवर एकालाही लागलेला नाही. खडू हातातून सुटला, की सर त्याच्याकडे कौतुकाने पाहत सांगतात, "बघा, आडवा वेग तोच राहिला, उभा बदलत गेला." तोवर खडू खिडकीबाहेर गेलेला असतो. व्हेक्टरचे बाण काढण्यात सरांइतका रमणारा माणूस तालुक्यात नसेल. बायकोच्या, म्हणजे उज्ज्वलावहिनींच्या लाटण्यावर किती जोर आडवा पडतो आणि किती उभा, हे त्यांनी एकदा ऐन स्वयंपाकात समजावून दिलं होतं. त्या दिवशी उरलेल्या चपात्या सरांनी लाटल्या.

सरांचा अभिमान एकच. आपल्या विषयाला घाबरून आजवर कुणी सायन्स सोडलेलं नाही. म्हणून यंदा दिवाळीच्या आधी रुपाली आर्ट्सला जाण्याचा अर्ज घेऊन सहीला आली, तेव्हा सरांचा चेहराच उतरला.

रुपाली डोंगरातल्या वाडीची, वसतिगृहात राहणारी, कमी बोलणारी. चाचणीत सरांनी विचारलं होतं, दगड जास्तीत जास्त लांब जायला किती अंशांच्या कोनात फेकावा? अख्ख्या वर्गाने पंचेचाळीस लिहिलं. हिने लिहिलं पस्तीस. सरांनी शून्य देऊन शेजारी लाल शाईने 'पाठ करा' असंही लिहिलं होतं.

"सर, मी नाचणी राखताना गोफण मारते," रुपाली म्हणाली. "पंचेचाळीसला दगड अलीकडंच पडतो. खोटं पाठ करायचं असंल, तर मला ह्यो विषय नको."

सरांनी उघडलेलं पेन बंद केलं, अर्ज खिशात घातला आणि शनिवारी सकाळच्या एसटीने वाडी गाठली.

रुपालीचं शेत म्हणजे डोंगराचा उतार. नाचणी पिकलेली आणि वर पाखरांचे थवे. दोरीच्या झोळीत दगड ठेवायचा, डोक्याभोवती गरगरा फिरवायचा आणि नेमक्या क्षणी एक टोक सोडायचं, एवढंच गोफणीचं काम. सरांनी आधी स्वतः मारून पाहिलं. पाखरं समोर होती. दगड मागे गोठ्याच्या पत्र्यावर वाजला. रुपालीच्या आईने, मंगलबाईंनी, जवळची शेळी सोडून लांब नेऊन बांधली.

"सर, तुमी निस्तं सांगा," त्या अदबीने म्हणाल्या. "फेकायचं आमी बघतो."

मग रुपालीने गोफण घेतली आणि उताराच्या खालच्या बाजूला तोंड केलं. आधी पुस्तकाप्रमाणे उंच मारला. दगड चार बांध ओलांडून पडला. मग जरा कमी कोनात मारला. तो त्याही पलीकडे, थेट खालच्या ओढ्यात गेला. सरांनी तीनदा मारायला लावलं आणि तिन्ही वेळा तेच झालं.

सर बांधावर उकिडवे बसले. खिशातून कागद काढून त्याच्या पाठीवर बाण काढू लागले. उतार वीसेक अंशांचा, त्याचे निम्मे दहा, ते पंचेचाळिसातून गेले. उत्तर आलं पस्तीस.

"अगं," सर हळूच म्हणाले, "प्रश्नात 'सपाट जमिनीवर' असं लिहायलाच मी विसरलो."

विसरणारच. सर निरगुडसर गावचे. उसाच्या सपाट वावरात वाढलेल्या माणसाला जमीन सपाट असते हे वेगळं लिहावं लागतं, हे ठाऊक तरी कसं असणार?

"मंग पंचेचाळीस बी खरं?" रुपालीने विचारलं.

"सपाटीला खरं. तुझ्या नाचणीला पस्तीस."

रुपाली शेजारी येऊन बसली. "पण उताराचं निम्मंच का वजा करायचं?" असं म्हणत तिने सरांच्या हातातलं पेन घेतलं. पुढचे बाण तिनेच काढले. चहा गार झाला, मंगलबाईंनी दुसरा केला. कागद भरल्यावर सरांनी तो उलटला, तेव्हा कळलं, तो तिचा अर्ज होता. दुसरा कोरा अर्ज कुणी मागितला नाही.

शून्याच्या जागी सरांनी तीनपैकी दोन मार्क दिले. बाण न काढल्याबद्दल एक कापला. त्या एका मार्कासाठी रुपाली सोमवारी स्टाफरूममध्ये येऊन अर्धा तास भांडली. सरांनी तो मार्क काही दिला नाही, पण त्या भांडणावर ते आठवडाभर खूश होते.