दुसऱ्याच्या मशीनवर

आमच्या ऑफिसात बग सुटला की त्याचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करायचं असतं. तिकिटात दोनच रकाने, कारण आणि उपाय. त्या दिवशी कोण किती धावलं, कोणाचं जेवण राहिलं, हे लिहायला जागाच नाही. मग ते सगळं चहाच्या वेळी बाहेर येतं. आता किस्से इतके साठलेत की नवीन कोणी आलं की आम्ही आधी किस्से सांगतो आणि मग पासवर्ड देतो.

ऑफिस नेरूळला, माणसं मोजून तीन. इम्तियाजभाई आमचे प्रमुख, मूळचे श्रीवर्धनकडचे. प्रज्ञा परभणीची. आणि मी, वैशाली. कॉम्प्युटरच्या मुळाशी एक मुख्य प्रोग्राम असतो, त्याला कर्नेल म्हणतात. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्याकडूनच कामं करून घेतात. कोणाचं मशीन अडकायला लागलं किंवा फायली गायब व्हायला लागल्या की आम्ही त्या कर्नेलमध्ये एक छोटा टेहळणी प्रोग्राम सोडतो आणि कोण काय करतंय ते बघतो.

अडचण एकच. प्रत्येक कर्नेलची आतली मांडणी वेगळी. एकात जी माहिती तिसऱ्या रकान्यात, ती दुसऱ्यात चौथ्या.

* * *

सुरुवातीला आम्ही सोपा रस्ता धरला होता. क्लायंटच्या मशीनवर जायचं आणि तिथल्या कर्नेलची मापं, म्हणजे कोणता रकाना कुठं सुरू होतो ते, घेऊन प्रोग्राम तिथंच तयार करायचा. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये प्रज्ञानं तेच केलं. सकाळचे साडेदहा वाजले होते. प्रोग्राम तयार होताना मेमरी खातो हे आम्हाला माहीत होतं. किती खातो, ते त्या दिवशी कळलं. रिपोर्टचा स्क्रीन गोठला.

तेवढ्यात वरून ऑपरेशन थिएटरचा फोन आला. पेशंट टेबलावर आहे, पोटॅशियमचा आकडा पाहिजे.

टेक्निशियन बाईंनी प्रज्ञाला विचारलं, "किती वेळ?"

"दोन मिनिटं," प्रज्ञा म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं.

बाई थांबल्या नाहीत. तपासणीच्या यंत्रावर एक छोटी पट्टी असते, त्यावरचा आकडा त्यांनी पेनानं तळहातावर लिहिला आणि तीन मजले पळत चढल्या. प्रज्ञानं सगळं थांबवल्यावर चार मिनिटांनी स्क्रीन जागा झाला. पेशंटला काही झालं नाही. प्रज्ञानं ऑफिसला परत येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं.

इम्तियाजभाई तिला रागावले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "आजपासून दुसऱ्याच्या घरात जाऊन चूल पेटवायची नाही. डबा घरून न्यायचा."

तिथून आमची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सुरू झाली. प्रोग्राम एकदाच, आपल्या ऑफिसात तयार करायचा. त्यात रकान्यांची मापं लिहायची नाहीत, फक्त नावं लिहायची. मशीनवर गेलं की तिथला कर्नेल आपली मांडणी स्वतःच सांगतो. लायब्ररी ती वाचते आणि मापं तिथल्या तिथं भरते. कागदोपत्री तिला इंग्रजी नाव आहे. आम्ही डबाच म्हणतो.

* * *

पहिला डबा तयार झाला आणि कर्नेलनं तो घेतलाच नाही. बाहेरचा प्रोग्राम आत घेण्याआधी कर्नेल तो ओळीनं तपासतो. हा कुठं अडकून तर बसणार नाही ना, नको तिथं वाचणार नाही ना. जरा शंका आली की परत. आणि परत पाठवताना कारणांची पानंच्या पानं.

शुक्रवारी क्लायंटसमोर डेमो होता. प्रज्ञा सोमवारपासून ती पानं वाचत होती. गुरुवारी दुपारी इम्तियाजभाई म्हणाले, "त्याला काहीतरी चकवून आत जाता येणार नाही का?" ते असं कधी बोलत नाहीत. डेमोचं टेन्शन त्यांनाही होतं.

प्रज्ञा पानं वाचतच राहिली. तासाभरानं खुर्ची मागं सरकवून म्हणाली, "तो बरोबर आहे. एका जागी यादी रिकामी असली तर आपण खरंच पलीकडचं वाचतो."

मी विचारलं, इतका वेळ चिडली कशी नाहीस?

"आमचे अण्णा तहसीलमध्ये कारकून होते," ती म्हणाली. "ते असेच अर्ज परत पाठवायचे. लोक दारात येऊन शिव्या द्यायचे. आणि अर्जात खरंच चूक असायची."

* * *

मग नावांचा घोळ झाला. एका क्लायंटनं सकाळी आपल्या मशीनवर नवीन कर्नेल टाकला आणि आमची टेहळणी बंद पडली. अकरा वाजता त्यांच्या डायरेक्टरांसमोर रिपोर्ट दाखवायचा होता. दहा वाजून वीस मिनिटांनी मला दिसलं की कर्नेल लिहिणाऱ्यांनी एका रकान्याच्या नावाआधी दोन अंडरस्कोअर, म्हणजे खालच्या आडव्या रेघा, जोडलेत. रकाना तोच, माहिती तीच. लायब्ररी मात्र जुन्या नावानं हाका मारत बसली होती.

इम्तियाजभाई वैतागून म्हणाले, "नाव बदललं म्हणून माणूस बदलतो काय?"

माझं लग्न होऊन तेव्हा सात महिने झाले होते. मी म्हटलं, "बँकेत बदलतो."

त्या दिवसापासून लायब्ररी आधी विचारते, या नावाचं कोणी आहे का? नसेल तर दुसऱ्या नावानं विचारते. रिपोर्ट अकराला तीन मिनिटं असताना गेला.

* * *

शिरवण्याला एक कोल्ड स्टोरेज आहे, कोळंबीचं. तिथं मशीन सांभाळायला म्हात्रे काका. थंडी सांभाळणारा कॉम्प्युटर मधूनच अडकायचा आणि तो अडकला की कॉम्प्रेसर थांबायचा. मशीन इतकं जुनं की त्याचा कर्नेल आपली मांडणी सांगूच शकत नव्हता. अशा वेळी नेमक्या त्याच कर्नेलचा नकाशा बाहेरून न्यावा लागतो. मशीन एकदा बंद करून बघूया म्हटलं तर काका ऐकेनात.

"हाय तसा ऱ्हाऊ दे. बंद केला न परत उठला नाय, त काय करू?"

मी फोनवर कर्नेलचा नंबर विचारून घेतला, ऑफिसात त्याचा नकाशा बनवला, पेन ड्राइव्हवर घेतला आणि रिक्षानं गेले. पोचले तेव्हा मशीन पुन्हा अडकलं होतं. आतलं तापमान उणे अठरा पाहिजे, ते उणे चौदावर आलेलं. डबा लावला. लायब्ररीनं स्पष्ट सांगितलं, हा नकाशा या मशीनचा नाही.

मी स्क्रीनवर नंबर पाहिला. शेवटी एकोणसत्तर होतं. माझ्या कागदावर सेव्हन्टी नाइन. काका फोनवर एकोणसत्तरच म्हणाले होते. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माझ्या डोक्यात ते भलतीकडेच गेलं होतं.

प्रज्ञा दुसरा नकाशा घेऊन येईपर्यंत उणे अकरा झालं होतं. काका दारावरच्या आकड्यासमोरून हलले नाहीत. मलाही बसवेना. नकाशा लागला आणि दोन मिनिटांत कळलं, नोंदी लिहिणारा एक प्रोग्राम खराब झालेल्या डिस्कवर लिहीत बसायचा आणि बाकीचे त्याच्यामागे रांगेत. तो बंद केला. कॉम्प्रेसरचा आवाज आला.

काकांनी कपाळ पुसलं. "मंग विंग्रजीत इचाराचा ना, ताई."

* * *

हा शेवटचा किस्सा माझा आहे. तो मी आपणहून सांगत नाही, इम्तियाजभाई सांगायला लावतात.

उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात गेटपासच्या फायली गायब व्हायच्या. कंटेनर दारात, ड्रायव्हर खोळंबलेला आणि पास नाही. आम्ही डबा लावला. फाइल कोणी पुसली त्याचा नंबर टिपायचा, इतकंच काम. प्रत्येक युजरला कर्नेलमध्ये एक नंबर असतो. मंगळवारी नंबर आला, एक हजार बारा. मी रिपोर्ट पाठवला आणि विसरून गेले.

पुढच्या सोमवारी ऑफिसच्या दारात एक बाई उभ्या. पंचेचाळिशीच्या, हातात प्लॅस्टिकची फाइल.

"वैशाली मॅडम कोण?"

"मी."

"मी सुनंदा जाधव. एक हजार बारा."

मी त्यांना बसायला सांगितलं. त्या उभ्याच राहिल्या. "यार्डात गेटपास मी टाइप करते, अकरा वर्षं. फायली मीच पुसते असं तुमच्या मशीननं सांगितलंय म्हणतात. गुरुवारपासून मला आत घेत नाय. आज चारला मॅनेजर ठरवणारेत. त्याच्या आधी मला बघायचंय, कुठं लिहिलंय ते."

मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "मंगळवारी नऊ चाळीस? तेव्हा मी पनवेलला होते, आईच्या पायाचं ड्रेसिंग असतं. हा केसपेपर."

"तुमचा पासवर्ड दुसऱ्या कोणी..."

"पासवर्ड आमी कोणाला देत नाय," त्या म्हणाल्या. "आणि हे तुमी मला विचारताय, तुमच्या मशीनला का नाय विचारत?"

साडेबारा वाजले होते. मी कोड उघडला. सगळे रकाने नावानं मागितलेले, एक सोडून. बसवायच्या दिवशी युजरच्या नंबरची ओळ चालत नव्हती, म्हणून मी घाईत तिथं पक्कं माप लिहिलं होतं, आमच्या ऑफिसच्या मशीनवरचं. सुरुवातीपासून आठ बाइट. बाइट म्हणजे मेमरीतली एक इवलीशी जागा. शेजारी माझीच टीप होती, 'नंतर बदलू.'

यार्डातल्या जुन्या कर्नेलमध्ये युजरचा नंबर चार बाइटवर होता. आठवर होता त्याच्या गटाचा नंबर, एका विभागाच्या सगळ्या युजरना मिळून एकच असतो तो.

मी यार्डातल्या आयटीवाल्याला फोन केला. म्हटलं, तुमच्या स्वतःच्या लॉगिनवरून एक रिकामी फाइल बनवा आणि पुसा. त्यानं पुसली. माझ्या स्क्रीनवर आलं, एक हजार बारा.

गेटपास विभागाच्या अख्ख्या गटाचा नंबर तो होता, आयटीवाल्याचं लॉगिनही त्याच गटात. सुनंदाताईंचा नंबर योगायोगानं तोच. खरा पुसणारा पुढं सापडला. जुन्या फायली साफ करायला लावून ठेवलेला, आपोआप चालणारा एक प्रोग्राम होता तो, त्याच गटातला. पण त्या क्षणी मला तेही माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की या बाई पाच दिवस माझ्या एका ओळीमुळं घरी बसल्या होत्या.

इम्तियाजभाईंनी स्क्रीन पाहिला, मग माझ्याकडे. "मेल करशील, की जाशील?"

"जाते."

त्यांनी गाडीची चावी उचलली. सुनंदाताई मागच्या सीटवर फाइल मांडीवर धरून बसल्या होत्या. मॅनेजरांच्या केबिनमध्ये आयटीवाला होता, आणखी दोघं होते. मी सगळं सांगितलं.

मॅनेजर म्हणाले, "म्हणजे तुमचं मशीन चुकलं."

"मशीन नाही. मी चुकले."

त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "ठीक आहे. सुनंदाताई, उद्यापासून या."

"उद्या कशाला? ड्यूटी सहापर्यंत आहे," त्या म्हणाल्या आणि बाहेर हजेरीचं मस्टर ठेवलेल्या टेबलाकडे गेल्या. मी त्यांच्या मागे गेले. माफी मागायची होती. त्याआधी त्यांनीच विचारलं, "ते चार बाइट म्हणजे किती?"

"फार नाही. तुमच्या नावातला नुसता 'सु' लिहायला सहा लागतात."

त्यांनी मान हलवली, पेनाचं टोपण काढलं आणि मस्टरमध्ये लिहायला लागल्या. पहिलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, एकेक अक्षर सावकाश. टेबलामागचा क्लार्क म्हणाला, "ताई, नुसती सही चालते."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "आज नाय चालत."