लागलं न्हाय

सीनेच्या काठावर, करमाळ्याच्या अंगाला, तेवीस घरांची एक वस्ती होती. तिच्यातल्या शेवटच्या घरात धुळा पाणाड्या राहायचा. मेंढरं राखायची ती त्याच्या बायकोनं, केराबाईनं. धुळ्यानं मात्र तळहातावर नारळ आडवा ठेवून लोकांच्या रानातून अनवाणी हिंडायचं. जमिनीखाली झरा असला की नारळ शेंडी वर करून ताठ उभा! "हितं खांदा, पाणी लागंल." आणि लागायचं हो! साठेक बोअर त्याच्या हातचे. गंमत एवढीच, की स्वतःच्या अंगणात त्यानं तीनदा खणलं आणि तिन्ही वेळा नुसता फुफाटा निघाला. वस्तीला चेष्टेला तेवढं पुरायचं. पाण्याबद्दल खोटं बोललं की हाताचा गुण जातो, असं बापानं बजावलेलं, म्हणून कुणीही विचारलं तरी धुळा खरं तेच सांगायचा, "आपल्या घराला न्हाय लागलं बाबा."

एका भादव्यात सीना फुगली. तेवीसच्या तेवीस घरांत गुडघाभर पाणी. मग सरकारला जाग आली. पाऊस आता असाच वेडावाकडा पडणार, नदी वर वर चढत जाणार. तेव्हा पूर येतो तिथवर निळी रेघ मारायची आणि रेघेखालच्या घरांना माळावर प्लॉट द्यायचे, असं ठरलं. प्लॉट निघाले बावीस. एक घर जास्तीचं आहे, हे साहेब यायच्या आधीच वस्तीच्या ध्यानात आलं होतं.

साहेब शहरातले, तरणे, मान मोबाइलात घातलेली. प्रत्येकाला एकच प्रश्न. धुळ्याची पाळी आली तेव्हा केराबाई मेंढरांमागं गेलेली.

"घराला पाणी लागलं?"

चाळीस वर्षं ज्या शब्दावर पोट भरलं, त्याला दुसरा अर्थ असेल हे धुळ्याला कुठलं सुचायला! ओशाळं हसून तो म्हणाला, "न्हाय साहेब. तीनदा खांदलं, पर लागलं न्हाय."

साहेबांनी शेवटचं तेवढं ऐकलं. "नक्की?"

"पाण्याचं खोटं मी बोलत न्हाय. इचारा की हिंदुरावांना."

हिंदुराव हा वस्तीचा कारभारी. त्याला सगळं कळलं होतं. मागं उभ्या एकवीस घरांनाही कळलं होतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. हिंदुराव घसा खाकरून म्हणाला, "व्हय साहेब. धुळातात्या लई खरा माणूस."

साहेबांनी मोबाइलात 'नाही'वर बोट दाबलं.

केराबाईला कळलं तशी ती हिंदुरावाच्या दारात जाऊन उभी राहिली. "भावजी, तुमी तरी बोलायचं!"

"वैनी, तोंड त्याचं, शब्द त्याचा. आमी मधी कसं पडावं?"

कचेरीत गेली, तर म्हणाले, नोंद झाली, आता उघडत नाही.

बावीस घरं माळावर गेली. पुढच्या पावसात सीना पुन्हा आली, भर दुपारी, छपरापर्यंत. धुळा आणि केराबाई लिंबावर चढून वाचली. पावसामुळं चरायला न सोडलेली बत्तीस मेंढरं जाळीच्या वाड्यात कोंडलेली. केराबाई वरून एकेकीला नावानं हाक मारत होती; नावं संपायच्या आधी मेंढरं संपली.

दोघं ओलीचिंब माळावर पोचली, तेव्हा हिंदुराव नव्या ओट्यावर चहा पीत बसला होता.

"काय तात्या, लागलं का शेवटी घराला पाणी?"

अख्खा माळ हसला. धुळाही हसला. "लागलं," म्हणाला.

पण माळ तो माळच. फाल्गुन आला आणि टँकर आठवड्यानं एक यायला लागला. मग एका सकाळी बावीस घरं नदीकाठी, वाहून गेलेल्या घराच्या जागी धुळ्यानं ठोकलेल्या पालापुढं हजर. नारळ स्वतः हिंदुरावानं आणलेला.

"तात्या, झालं गेलं इसरा. तेवढा माळ बघून द्या."

"जाऊ नगासा," केराबाई आतून म्हणाली.

धुळा गेला. अनवाणी, नारळ तळहातावर. सगळा माळ हिंडला. हिंदुरावाच्या ओट्याजवळ तळवा तापला आणि शेंडी हलली. उभ्या जन्मात नारळानं एवढी उसळी कधी घेतली नव्हती. बावीस घरं श्वास धरून बघत होती.

धुळ्यानं तळहात जरासा कलता केला. नारळ निमूट आडवा पडला.

"न्हाय हिंदुराव. हितं पाणी लागत न्हाय."

हिंदुरावाचं तोंड पांढरं पडलं. "नक्की, तात्या?"

"पाण्याचं खोटं मी बोलत न्हाय," धुळा म्हणाला, "तुमाला ठावं हाय की."