पर्थच्या सरदाराचा मांडलिक

मध्ययुगात माणसाचा शब्द त्याच्या डोक्याइतकाच मोलाचा होता, आणि स्वामीने सेवकाला दिलेला शब्द मोडणं हे पाप मानलं जाई. मला असा शब्द २००८ साली सिंगापूरच्या सेम्बावांग पार्कमध्ये मिळाला, गुडघ्यांवर बसलेलो असताना. शेजारी काही चिनी आज्या ताय-चीचा संथ व्यायाम करत होत्या.

शब्द देणारा माझा बॉस होता. तुआसच्या ज्या कारखान्यात मी डिझाइन इंजिनिअर होतो, तिथला आमचा विभागप्रमुख, मूळचा पर्थचा. ऑस्ट्रेलियात मध्ययुगातला एकही किल्ला नाही. बहुधा म्हणूनच तिथल्या काही लोकांना मध्ययुगाची एवढी ओढ असावी. त्याच्या शाळेला कुलचिन्ह आणि लॅटिन ब्रीदवाक्य होतं, विद्यापीठाला गॉथिक कमानी होत्या, आणि शनिवार-रविवारी तो ढाल-तलवार घेऊन मैदानात लढायचा. सिंगापुरातही त्याने देशबांधवांचं एक टोळकं जमवलं होतं. मीटिंगमध्ये आम्ही ड्रॉइंग समजावून सांगत असू, तेव्हा तो पक्कडीने तारेच्या कड्या एकमेकींत अडकवून चिलखत विणत बसे. आमच्याकडे शेकडो किल्ले आहेत आणि आम्ही तिथे पिठलं-भाकरी खायला जातो, असं मी त्याला एकदा सांगितलं. त्याला फार वाईट वाटलं.

त्याच्या टोळक्यात सगळेच सरदार. मांडलिक व्हायला कुणी तयार होईना, म्हणून त्याने मला विचारलं. मला नाही म्हणता आलं असतं. पण कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली होती, आणि माझा एम्प्लॉयमेंट पास त्या नोकरीला टांगलेला होता. नोकरी गेली की महिनाभरात बायको आणि दुसरीतली मुलगी यांच्यासकट देश सोडायचा.

विधी सोपा होता. मांडलिकाने गुडघे टेकून हात जोडायचे, स्वामीने ते आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे. मी केला तो आपला नमस्कारच.

"तुला हे जन्मजात येतं, मेट," तो खूश होऊन म्हणाला.

मग तलवारीवर हात ठेवून त्याने जुन्या वळणाच्या इंग्रजीत जाहीर केलं, की माझं रक्षण आणि पोषण ही यापुढे त्याची जबाबदारी. चटईवर बसलेली माझी मुलगी आईला तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा सो एम्बॅरसिंग, लाह."

मलाही हसू येत होतं. तरी घरी परतताना बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. मंदीच्या बातम्या वाढल्या तेव्हा मी त्याला सरळ विचारलं. यादीत तुझं नाव नाही, तू माझा माणूस आहेस, असं तो म्हणाला. त्या भरवशावर मी दुसऱ्या एका कंपनीतून आलेल्या फोनला उत्तर दिलं नाही आणि फ्लॅटचा भाडेकरार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला.

नोव्हेंबरात एचआरच्या बाईंनी बोलावलं. माझी सही घेण्यासाठी त्या कागद उलटत होत्या, त्यांत बॉसच्या अक्षरातली यादी होती. पहिलं नाव माझं. पुढे शेरा: "निष्ठावान. तक्रार करणार नाही."

मी त्याच्या केबिनमध्ये गेलो. त्याने पक्कड खाली ठेवली.

"तू मला शब्द दिला होतास."

"तो खेळ होता, मेट."

"माझ्या बाजूने नव्हता," मी म्हणालो. "मलाही ते आत्ताच कळतंय."

त्याने पक्कड पुन्हा उचलली. शेरा खरा ठरू द्यायचा नाही असं ठरवून मी आत गेलो होतो. बाहेर पडताना मात्र दार हळूच लावून घेतलं.

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"असल्या माणसाला कोपरापासून हात जोडायचे असतात," ती म्हणाली. "तू गुडघे टेकून जोडलेस."

पुढच्या आठवड्यात पास रद्द झाला. सात वर्षं रोज पहाटे उठून कंपनीच्या बसने मी तुआसला कामावर जात होतो. आता पासपोर्टवर तीस दिवसांचा नवा शिक्का बसला. त्यानुसार मी सिंगापूर पाहायला आलो होतो.