चौथ्या चौकटीतला फुगा

१९ एप्रिल, रविवार. अकोला. आकाश निरभ्र, वारा पश्चिमेचा, अगदी मंद. कालचं कमाल तापमान ४३.८.

माझी नोकरीच हवामानाच्या नोंदी घेण्याची. सरकारी वहीत तापमानाला रकाना आहे, पावसाला आहे, वाऱ्यालाही आहे. माणसांच्या बोलण्याला नाही. ते मी घरच्या डायरीत लिहितो. चार वर्षं महिन्यातून एकदा एकाच ओट्यावर जाऊन बसलं, की किस्से आपोआप साचतात. आपण फक्त तारीख टाकायची.

हा ओटा अमरावतीचा, भास्करभाऊंचा. भाऊ आणि कुसुमवहिनी फुलं विकायचे. भातकुलीकडे त्यांचा झेंडूचा मळा. आणि भाऊ एक वेबकॉमिक काढायचे, नाव 'ओट्यावर'. दर रविवारी सकाळी आठला फोनवर यायचं. चौकटी चार. बुवा आणि बाई ओट्यावर हार ओवत बसलेले. पहिल्या तीन चौकटींत बुवा काहीतरी फुशारकी मारणार आणि चौथीत बाई एका वाक्यात त्यांना झोपवणार. बुवा म्हणजे भाऊ आणि बाई म्हणजे वहिनी, हे कोणाला सांगावं लागत नसे.

*

मी पहिल्यांदा त्या ओट्यावर गेलो तो भाऊंची चूक दाखवायला!

घर पूर्वेकडे तोंड करून, हे बुवांनीच एका स्ट्रिपमध्ये सांगितलेलं. चित्रातली वेळ सकाळची. आणि निंबाची सावली अंगणात, म्हणजे पूर्वेला पडलेली. सकाळी ती पश्चिमेला हवी. मी वहीत आकृती काढून नेली होती.

भाऊ म्हणाले, "साहेब, कॉमिक आहे ते."

आतून वहिनींचा आवाज आला. "बरोबर सांगून राहिले ते! तुमची सावलीही तुमच्यासारखीच. सकाळ झाली का घराबाहेर!"

मग बाहेर येऊन त्यांनी माझ्या हातात सुईदोरा दिला. "बसा. हात रिकामे ठेवून गप्पा मारायच्या असतीन त चौकात जा."

हा नियम सगळ्यांना होता. आम्ही चित्रं काढणारी तीन माणसं यायचो: नांदगाव खंडेश्वरला झेरॉक्सचं दुकान चालवणारा गजू, रिद्धपूरकडची नर्स निशा, आणि मी. कोणीही कुठे शिकलेलं नाही. गप्पा कॉमिकच्या आणि हातात झेंडू. संध्याकाळी घरी जाताना बोटं पिवळी व्हायची. बायको म्हणायची, "आले का हळद लावून!"

*

गजूने एकदा टॅबलेट आणला, चित्र काढायच्या पेनासकट. भाऊ काढायचे लग्नपत्रिकेच्या पाठीवर, साध्या बॉलपेनने. फुलवाल्याकडे पत्रिकांना तोटा नाही. त्यांनी ती काच उलटसुलट करून पाहिली.

"याच्यावर चुकलं त?"

"अनडू करायचं भाऊ. बटन दाबलं का झालं. जसं काही घडलंच नाही!"

वहिनींनी सुईवरून मान वर केली. "काय म्हणता? केवढ्याले भेटते ते? लग्न लागल्यापासून मी तेच शोधून राहिली!"

त्या दिवशी गजू इतका हसला, की एका हारात त्याने सुईच ओवून ठेवली. हार गेला कोणाच्या तरी साखरपुड्याला. सुदैवाने नवरदेवाच्या गळ्यात पडायच्या आत परत आला.

*

वहिनी जानेवारीत गेल्या. दोन दिवसांचा ताप. डायरीत त्या तारखेपुढे मी फक्त किमान तापमान लिहिलं आहे.

'ओट्यावर' बंद पडलं. तीन रविवार गेले. वाचणारे विचारत होते, "काहून बंद?" भाऊ हार विकत होते, पण पेन हातात धरत नव्हते. ओट्यावर बसतही नव्हते.

गजू म्हणाला, "आपण गेस्ट स्ट्रिप काढू. पाहुणे म्हणून. पान जित्तं ठेवू. भाऊ आज नाही त उद्या पेन उचलतीन."

भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "काढा. मले दाखवू नका."

*

पहिली पाळी निशाची. तिने छान काढलं. बाईंच्या हातातला झेंडूचा हार तर फारच सुरेख. रविवारी आठला स्ट्रिप गेली. आठ वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन वाजला.

"निशा, झेंडू सुईनं ओवतात. तू गाठी मारून राहिली! गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारीन असा हार. चार वर्सं काय शिकली माह्या ओट्यावर?"

आणि फोन बंद.

निशा आधी रडली. मग तिने आम्हा दोघांना फोन केला. "भाऊ शिव्या देऊन राहिले!" अशी बातमी इतक्या आनंदाने मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेली नाही.

*

पुढच्या रविवारी गजू. त्याच्या मनात आलं, बिचारे बुवा कायम हरतात, एकदा जिंकू द्यावं. चौथ्या चौकटीत बुवा एकटेच, छाती काढून, शेवटचं वाक्य त्यांचं.

आठ वाजून दहा मिनिटं.

"गज्या, त्या घरात असं कधी झालं नाही."

"भाऊ, म्हटलं एक डाव तुमाले जिंकवावं."

मग भाऊ म्हणाले, "मी जिंकलो रे. पण ती कुठं गेली त्या चित्रातून?"

गजूने ती स्ट्रिप दुपारपर्यंत काढून टाकली.

*

त्यानंतर चार रविवार ती दोघंच आलटून पालटून काढत राहिली. भाऊंचे फोन यायचे, पण पेन काही उचललं जात नव्हतं. माझी पाळी मी लांबवत होतो. शेवटी मार्चअखेर काढलं.

मी घाई करत नाही. चार वर्षांच्या सगळ्या स्ट्रिपा समोर ठेवल्या. ओट्याच्या पायऱ्या, बाईंच्या बांगड्या, सुई धरायची बोटं, सकाळी आठची सावली, सगळं मोजून घेतलं. विनोद मात्र मला सुचत नाही. म्हणून डायरी उघडली आणि वहिनींचंच एक बोलणं जसंच्या तसं उचललं. बुवा तीन चौकटी चष्मा शोधतात. "माहा चष्मा पाह्यला का?" चौथीत बाई म्हणतात, "पाह्यला. तोच म्हणे, बाई, सांगू नका, घडीभर आराम करू द्या!"

रविवार. आठ वाजून दहा मिनिटं झाली. फोन नाही.

साडेआठला मी फोनची बॅटरी पाहिली. नऊला रेंज पाहिली. दहाला बायकोला म्हटलं, जरा तुझ्या फोनवरून मला लावून बघ.

ती म्हणाली, "शिव्या खायले इतका नटूनथटून बसलेला माणूस म्या पहिल्यांदा पाह्यला!"

गजूने संध्याकाळी मेसेज केला. "डायरीसाहेब, तुमी शिवी द्यायलेही जागा ठेवली नाही!"

पूर्ण आठवडा फोन आला नाही. मला वाटलं, मी काहीतरी असं केलं, की त्यावर रागवताही येऊ नये.

*

पुढच्या रविवारी सकाळच्या बसने अमरावती गाठली. भाऊ ओट्यावर होते. मी न विचारता सुई घेतली. चार हार ओवून झाले.

मग ते म्हणाले, "चष्मा टोपल्यात होता. शेवंतीच्या."

"हो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट."

"तुले कसं मालूम?"

"लिहून ठेवलंय."

भाऊ आत जाऊन लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. प्रत्येकीच्या पाठीवर एक स्ट्रिप, काळ्या पेनाने काढलेली. चौथ्या चौकटीतल्या फुग्यातलं वाक्य तेवढं निळ्या पेनाचं. अक्षरही वेगळं. जरा तिरपं, घाईचं.

"मी चित्र काढायचो, बाईच्या बोलण्याचा फुगा कोरा ठेवायचो, अन् पत्रिका तांदळाच्या डब्यावर ठेवून द्यायचो. ती भांडे झाले का लिहून टाके. मले शेवट करता येत नाही साहेब. म्या कधी केलाच नाही. तू काढलेलं वाचलं त वाटलं, तिनंच लिहिलं. तिले काय फोन करू?"

फोनवर मी चार वर्षं हे कॉमिक पाहिलं. तिथे सगळं काळं-पांढरं, दोन्ही पेनं काळीच दिसायची.

गठ्ठा सारखा करत त्यांनी विचारलं, "तिचे बोल अजून किती आहेत तुह्या डायरीत?"

मी घरी येऊन मोजली. एकसष्ट. प्रत्येक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं, निळ्या पेनाने, माझ्या अक्षरात. चिठ्ठ्या एका पाकिटात घालून नेऊन दिल्या. भाऊंनी न वाचता त्या डब्यात टाकल्या. तोच तांदळाचा डबा, आता रिकामा.

"एकेक काढीन," ते म्हणाले.

*

आज सकाळी मी नोंद घेऊन घरी आलो तेव्हा पावणेआठ झाले होते. आठला 'ओट्यावर' आलं. बॉलपेनच्या रेघा, पाठीमागून उमटलेला पत्रिकेतला गणपती. भाऊंचंच.

पहिली चौकट: बुवा एकटे हार ओवताहेत. दुसरी: ओवताहेत. तिसरी: ओवताहेत. चौथीत बाई शेजारी आहेत, मान खाली, हातात सुई. फुग्यात लिहिलं आहे, "इतके दिवस कुठं होते तुमी?"

मी डायऱ्या काढल्या. चारही चाळल्या. मग भाऊंना फोन लावला.

"भाऊ, हे वाक्य माझ्या डायरीत नाही."

"मालूम आहे."

"मग?"

"सावली बरोबर आहे का?"

मी पुन्हा पाहिली. "बरोबर आहे."

"मंग झालं," भाऊ म्हणाले. "चिठ्ठ्या मोजून घेजो कधी आला त."

दुपारी अमरावतीला जाऊन मोजल्या. दिल्या होत्या एकसष्ट. डब्यात एकसष्ट.