एकाच खाचरातल्या दोन बागा

"मॅडम, खड्डा राहू द्या. रेती टाका, रेती," लालवानी म्हणाले.

तोवर मी कुदळ हातात घेतली होती. बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये त्यांच्या सोसायटीच्या बागेत आम्ही उभे होतो. पाऊस उघडून बरेच दिवस झाले होते, तरी लॉनवर घोट्याएवढं पाणी. गवत पिवळं पडलेलं. मी लावलेल्या बकुळींनी माना टाकलेल्या. आणि भिंतीपलीकडे त्याच बिल्डरची दुसरी सोसायटी. तिथलं लॉन असं हिरवं की बघवत नव्हतं.

लालवानी या सोसायटीचे चेअरमन. उल्हासनगरला त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. पलीकडच्या सोसायटीचे चेअरमन म्हणजे त्यांचे चुलत भाऊ हरेशभाई. ते रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर आपल्या लॉनचा फोटो टाकत, वर गुड मॉर्निंग. लालवानींचा दिवस तिथेच खराब व्हायचा.

माझा थोडा उशिरा व्हायचा, साइटवर पोचल्यावर. कारण ते लॉन प्राजक्ताने केलं होतं.

मी आणि प्राजक्ता अॅग्रिकल्चर कॉलेजला एका बॅचच्या. ती पहिली यायची, मी दुसरी. पुढे दोघीही बागांच्या कन्सल्टन्सीत आलो. ती बदलापुरात, मी अंबरनाथला. मोठी कामं तिला मिळायची. मला एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गेटपाशी शोभेची झाडं लावायची कामं. माझी आई म्हणायची, तिचं तिच्यापाशी, तुझं तुझ्यापाशी. बोलायला सोपं असतं. इथे तर तिचं आणि माझं यांच्यात एकच भिंत होती.

"रेती कशाला?" मी विचारलं.

"हरेशकडे ट्रक आला होता रेतीचा. मी बाल्कनीतून बघितला ना. तुमच्या त्या मॅडमने टाकली, आपण डबल टाकू. पाणी सुर्र करून खाली जाईल."

"माझी कुणी नाही ती," मी म्हणाले. मग थोडं सावरून, "मला आधी माती बघू द्या."

मातीच्या दोन गोष्टी असतात. एक पोत, दुसरी घडण. पोत म्हणजे मातीत कुठले कण किती आहेत. वाळूचे कण मोठे, पोयट्याचे मधले, चिकणमातीचे एकदम बारीक. चिकण जास्त असेल तर माती पाणी धरून ठेवते, वाळू जास्त असेल तर सोडून देते. हे प्रमाण निसर्गाने ठरवलेलं असतं. घडण म्हणजे ते कण एकमेकांना कसे धरून बसलेत. रव्याच्या लाडवाच्या चुऱ्यासारखे मोकळे बसले तर मधल्या फटींतून हवा, पाणी, मुळं जातात. दाबून बसले तर काहीच जात नाही.

माझा अंदाज होता की पोतच वेगळा असणार. म्हणजे प्राजक्ताला जागाच चांगली मिळाली असणार. खरं सांगायचं तर तो अंदाज कमी, इच्छा जास्त होती. पण सिद्ध करायला पलीकडची माती हवी होती. ती तिला विचारल्याशिवाय घेणं बरं दिसलं नसतं. दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवला. शेवटी केला.

"मित्रा," ती म्हणाली. माझं नाव संघमित्रा. "अगं, विचारतेस काय, ये ना. मीच येते खणायला."

ती आलीसुद्धा. उपकार केल्यासारखं काही वागली नाही. तसं वागली असती तर मला सोपं गेलं असतं.

"इथे रेती किती टाकलीस?" मी विचारलं.

"रेती? ती मुलांच्या घसरगुंडीखाली टाकलीय. पडली तर लागू नये म्हणून. लॉनमध्ये कशाला टाकू?"

दोन्हीकडची माती मी घरी नेली. पाण्याच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत भरली, वर पाणी, चिमूटभर साबणाची पावडर. पावडरीने ढेकळं सुटतात, कण वेगळे होतात. खूप हलवून ओट्यावर ठेवून दिल्या. आधी वाळू तळाशी बसते, मग पोयटा, आणि चिकणमातीला बसायला फार वेळ लागतो. तिचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असतं. सगळं बसल्यावर थर मोजायचे. मी मोजले. बाटल्या अदलाबदल करून पुन्हा मोजले. दोन्हींत थर सारखेच. अर्ध्याच्या आसपास चिकण. एकाच भातखाचराची माती, भिंत मागून आलेली.

मला वाईट वाटलं. माती सारखी, बाग तिची चांगली. मग फरक कुणात राहिला?

दुसऱ्या दिवशी हट्टाने खड्डा खणला. आमच्या बाजूला वरची वीतभर माती ठीक होती. खाली कुदळ टण्ण वाजली. दगड नव्हता, मातीच होती. चपटे, चकचकीत तुकडे निघाले, कापलेल्या साबणाच्या वडीसारखे. रंग राखाडी, वास सडका. मुळं तिथपर्यंत जाऊन आडवी वळलेली. भिंतीपलीकडे प्राजक्ताने खणलेल्या खड्ड्यात तीच माती भुसभुशीत, गांडुळांच्या भोकांनी भरलेली.

"तुमच्याकडे मिक्सर उभे राहायचे," प्राजक्ता भिंतीवरून म्हणाली. "दोन्ही बिल्डिंगींचं काँक्रीट तुमच्याच बाजूने यायचं. भर पावसातसुद्धा."

ओल्या चिकणमातीवरून जड गाडी गेली की आतल्या फटी मिटतात. वरून त्याच खाचराची ट्रॅक्टरभर मोकळी माती पसरली की कुणाला दिसत नाही.

"तुझ्या बाजूला नाही आले ते?"

"मी पाया खणायच्या आधीच बागेच्या जागेला पत्रे ठोकून घेतले होते. त्या अटीवरच काम घेतलं."

मला पझेशननंतर बोलावलं होतं. तिला पायाच्या आधी. माझ्या कामात चूक नव्हती, हे आता कळलं. त्याने समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. तिला आधी बोलावतात आणि मला नंतर, हेच तर मूळ दुखणं होतं.

कमिटीची मीटिंग लागली. लालवानींनी रेतीवाल्याशी बोलणीही केली होती. मी दोन गोळे करून नेले. एकात बागेची माती आणि रेती. दुसऱ्यात तीच माती आणि कुजलेलं शेणखत. गच्चीत कडक वाळवलेले.

"लालवानीसाहेब, हे हाताने फोडा."

शेणखताचा गोळा त्यांच्या मुठीत भुगा झाला. रेतीचा फुटेना. त्यांनी दोन्ही हात लावले, मग टेबलाच्या कडेवर आपटला. कडेचा टवका उडाला.

"ये तो ईंट है, सांई," ते म्हणाले.

"तेच. चिकणमातीत थोडी रेती घातली की चिकण तिला चारी बाजूंनी धरून बसते. फरक पडायला इतकी रेती लागेल की बाग रेतीचीच होईल. पोत आपल्या हातात नाही. घडण आहे."

"मग करायचं काय?"

"आत्ता काही नाही. ओली असताना खणली तर अजून बिघडेल. वाफसा आला की पहारीने खालचा थर फोडायचा, शेणखत भरायचं, पाणी जायला कडेने चर काढायचा. उन्हाळ्याच्या शेवटी ताग पेरायचा. त्याची मुळं खोल जातात. फुलावर आला की मातीतच गाडायचा. लॉन त्यानंतर."

वाफसा म्हणजे माती ना ओली, ना कोरडी. मुठीत दाबली की गोळा होतो आणि अंगठ्याने टोचलं की फुटतो.

"म्हणजे तोपर्यंत माझ्याकडे जंगल आणि हरेशकडे लॉन?" लालवानींचा चेहरा पडला. "तो फोटो टाकणार, मॅडम. दोन्ही एकत्र."

"टाकू द्या. मलाही तिचं लॉन रोज बघावं लागणार आहे."

"तुमचं पण काहीतरी आहे त्या मॅडमबरोबर," ते म्हणाले, आणि रेतीवाल्याला तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं. त्या माणसाशी माझं तेव्हापासून जमलं.

दिवाळी झाल्यावर थर फोडला. पावसाच्या तोंडाशी ताग पेरला तो पुरुषभर वाढला. हरेशभाईंनी फोटो टाकलाच, खाली हसण्याच्या इमोजी. पण भर जुलैत, चांगला झोडपून पाऊस झाला त्या दुपारी, लालवानींनी मला व्हिडिओ कॉल केला. नुसता मोबाइल जमिनीकडे धरला. पाणी साचलं नव्हतं.

ताग गाडून लॉन लावलं. बकुळीही पुन्हा लावल्या, त्या जगल्या. आमचं लॉन अजूनही प्राजक्ताच्या लॉनएवढं दाट नाही. मिटलेली माती एका सीझनमध्ये पुरती मोकळी होत नाही. दोन-तीन वर्षं जातील, तेही कुणी वर गाडी आणली नाही तर.

त्यानंतर चिखलोलीला मोठ्या कॉम्प्लेक्सचं काम निघालं. या वेळी मी पाया खणायच्या आधी पोचले. इंजिनिअरला म्हणाले, बागेच्या जागेला आधी पत्रे ठोका, मिक्सर तिथे आणू नका.

"ठोकलेत की, मॅडम," तो म्हणाला. "प्राजक्ता मॅडमना काम दिलंय. त्या मागच्या महिन्यातच सांगून गेल्या."

मी चहा घेतला आणि परत आले. आता नवीन काम घेताना मी एकच गोष्ट आधी विचारते: इथे मिक्सर कुठे उभे होते? अर्धं निदान तिथेच होतं. आणि कुणाची बाग बघून पोटात दुखलं तर दुखू द्यावं. फक्त त्यांच्या ट्रकमधून काय उतरतंय ते बघत बसू नये. त्यांना विचारून त्यांच्या मातीत एक खड्डा खणावा.