त्या वन-स्टार रिव्ह्यूखालचा फोटो

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी टर उडवत आलेय. पण याचं उत्तर कोणाकडे असेल तर कृपा करून द्या...

आम्ही बेंगळुरूत एचएसआर लेआउटमध्ये राहतो. बाबांचं विसरणं वाढलं, तेव्हा घराजवळच्या एका वृद्धांच्या डे-केअरमध्ये त्यांना ठेवायला लागलो. फुलाफुलांचे पडदे, गोड बोलणारी मालकीण, रिसेप्शनवर फाइव्ह स्टार मागणारा क्यूआर कोड. एका संध्याकाळी बाबांचा शर्ट बदलताना बघितलं – दोन्ही मनगटांवर लाल वळ!

"बाबा, हे काय झालं?"

"कुठे काय?" म्हणाले. त्यांना आठवतच नव्हतं. अशा माणसाला बांधून ठेवायचं, कारण तो घरी जाऊन सांगणार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवसापासून बाबा घरी. मी जे बघितलं तेवढंच त्यांच्या रिव्ह्यूमध्ये लिहिलं आणि एक स्टार दिला. लगेच खाली त्यांचं उत्तर – 'या आमच्या कस्टमरच नाहीत.' वर मालकिणीचा फोन, कानडी वळणाच्या हिंदीत. "मॅडम, स्वल्प समझो. प्रूफ है क्या? डिलीट करो, नहीं तो लीगल नोटीस आएगा."

"काढून टाक ना," समीर, माझा नवरा, म्हणाला. "बाबा आता घरीच आहेत."

"आणि तिथे बसलेल्या बाकीच्यांच्या आईबाबांचं काय?"

पण पुरावा खरंच नव्हता. दुपारी बाबांना वरणभात वाढला आणि दातओठ खात डिलीट करायला फोन हातात घेतला. तर रिव्ह्यूखाली एक फोटो... माझ्याच अकाउंटवरून टाकलेला. मी टाकलेला नव्हता!

खुर्चीत बसून मान खाली घातली की जसं दिसेल, तसा फोटो. मांडी, पलीकडे तेच पडदे आणि खुर्चीच्या दोन्ही हातांना ओढणीने करकचून बांधलेली मनगटं. पांढऱ्या बाहीचं बटण निळ्या दोऱ्याने शिवलेलं. ते मी वळ दिसले त्या दिवशी सकाळी घाईघाईत शिवलं होतं, पांढरा दोरा सापडेना म्हणून.

माझ्या गॅलरीत तो फोटो नाही. बाबा फोन वापरत नाहीत. समीर आधी म्हणाला, "सीसीटीव्ही असेल." मग फोटो मोठा करून नीट बघितला. कॅमेरा बाबांच्या डोळ्यांपाशी होता, आणि हात तर दोन्ही बांधलेले.

तेवढ्यात पुन्हा मालकिणीचा फोन. या वेळी किंचाळतच होती. "ये फोटो किसने खींचा? उस रूम में तो दिनभर कोई गया ही नहीं!"

फोटो कोणी काढला, मला आजही माहीत नाही. पण बाबांना बांधून दिवसभर एकटं कोंडलं होतं, हे मला तिच्याच तोंडून कळलं. रिव्ह्यूमध्ये हे नव्हतं. आता आहे.